मिच्छामि दुक्कडम् आणि माधुरीचे पाय

२८ जुलै २०२५ च्या रात्री नांदणीतून एक हत्तीण गाडीत चढवून नेली. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने आधी तिची मिरवणूक काढली, ओवाळलं, बायाबापड्या ढसाढसा रडल्या. पोलिसांच्या गाड्यांवर दगडही पडले. कागदोपत्री तिचं नाव महादेवी, गावाच्या तोंडी माधुरी. नांदणीच्या जैन मठात ती १९९२ पासून होती. आता ती हजार किलोमीटरहून लांब, गुजरातेत जामनगरला, अंबानी कुटुंबाच्या ‘वनतारा’ या प्राणी आश्रयस्थानात निघाली होती.

माझी आत्या शिरोळ तालुक्यात दिलेली आहे. त्या आठवड्यात तिचा फोन आला, “माझं जिओ बंद केलं बघ, नंबर तोच आहे, कंपनी बदलली.” सत्तरीतल्या बाईने हत्तिणीपायी सिमकार्ड बदललं! तिच्यासारखी माणसं तेव्हा गावोगावी होती. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत, सुमारे पंचेचाळीस किलोमीटरची मूक पदयात्रा निघाली. पुढे माजी खासदार राजू शेट्टी होते. राष्ट्रपतींना पाठवायच्या अर्जांवर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या.

आणि ६ ऑगस्टला वनताराने जाहीर निवेदन काढलं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ज्या बाजूने निकाल लागला होता, ती बाजू म्हणत होती की मठ आणि राज्य सरकार हत्तीण परत नेण्यासाठी न्यायालयात गेले तर आम्ही पाठिंबा देऊ. शेवटी क्षमायाचनाही होती : मिच्छामि दुक्कडम्.

हे असं कसं झालं, हे आत्याला फोनवर समजावताना माझीच दमछाक झाली. म्हणून आता सावकाश लिहून काढतो.

सुरुवात कोर्टापासून न करता पायांपासून करावी लागेल, कारण सगळं प्रकरण तिथेच अडलेलं आहे.

हत्ती भक्कम खांबांवर उभा असल्यासारखा दिसतो, पण आतल्या हाडांची रचना पाहिली तर तो जवळजवळ चवड्यांवर उभा असतो. टाचेच्या जागी चरबीची जाड गादी असते. अडीच-तीन टनांचा भार त्या गादीवर आणि बोटांच्या सांध्यांवर येतो. नखं आपल्यासारखीच आयुष्यभर वाढत राहतात. रानात हत्ती रोज मैलोन्‌मैल चालतो, माती उकरतो, चिखलात उतरतो, त्यामुळे नखं झिजतात आणि तळवा तासल्यासारखा साफ राहतो. फरशीवर किंवा काँक्रीटवर एका जागी बांधलेल्या हत्तीचं उलटं होतं. नखं झिजत नाहीत, वाढतात आणि चिरतात. खाली शेण-मूत्राची ओल असते, त्यातून जंतू चिरांत शिरतात आणि पाय सडायला लागतो. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून जनावर दुसऱ्या पायावर रेलतं, मग त्या पायाचे सांधे जातात. सांधे गेले की आडवं होणं जिवावर येतं, कारण पुन्हा उठायचं कसं? जगभरच्या पाळीव हत्तींमध्ये पायांचे आजार आणि संधिवात ही मृत्यूची मोठी कारणं आहेत ती याच क्रमाने.

माधुरी तेव्हा छत्तिशीची होती. हत्तिणीच्या आयुष्यात हे म्हातारपण नव्हे. तरी तिच्या तपासण्यांमध्ये बळावलेला संधिवात, सडलेले पाय, वाढलेली नखं अशा नोंदी आल्या. आणखी एक नोंद होती, सतत डोकं हलवत राहण्याची.

ही शेवटची गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. देवळाबाहेरचा हत्ती एका लयीत डुलतो, मान हलवतो, आणि आपण लेकराला सांगतो, “बघ, नाचतोय!” मीही सांगितलं आहे. प्राण्यांचे डॉक्टर याला वेगळं नाव देतात : अर्थ हरवलेली, पुनःपुन्हा होणारी हालचाल. एकट्या, बांधलेल्या प्राण्यात ती दिसते. हत्तिणी आयुष्यभर आया-मावश्या-बहिणींच्या कळपात राहतात, कळपाची म्होरकी सगळ्यांत जाणती मादी असते. मठाने प्रेम केलं यात मला शंका नाही, पण माहुताचं आणि भक्तांचं प्रेम दुसऱ्या हत्तिणीची जागा भरून काढत नाही.

२०१७ मध्ये तिच्या हल्ल्यात मठाच्या स्वामींचा मृत्यू झाला, हेही तिच्याबद्दल तक्रार करणाऱ्या पेटा इंडिया या प्राणीहक्क संघटनेने मांडलं. गावात हा विषय निघाला की आवाज खाली येतो.

आता कायदा. “हत्ती आमचा, मग न्यायचा अधिकार कुणाला?” हा आत्याचा पहिला प्रश्न होता आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही.

भारतात हत्ती हा विचित्र प्राणी आहे, कायद्याच्या दृष्टीने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वोच्च संरक्षण. पण वाघ कुणी घरी ठेवू शकत नाही. हत्ती ठेवता येतो, त्यासाठी मालकीचा दाखला असतो. विकता येत नाही. दुसरीकडे न्यायचा तर परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने दाखला असलेल्या हत्तीचं ‘धार्मिक किंवा अन्य कारणासाठी’ हस्तांतरण करायला वाट करून दिली आणि २०२४ मध्ये त्याचे नियम आले. थोडक्यात, धर्मासाठी हत्ती ठेवणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. मठाने हत्तीण ठेवली म्हणून ती गेली, असं म्हणणं चूक आहे.

मग ती गेली कशामुळे? तिची जी अवस्था नोंदली गेली, त्यामुळे. इथे दुसरा कायदा येतो, १९६० चा प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारा. आणि येतो २०१४ चा तो निकाल, ज्याने तमिळनाडूतलं जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती थांबवल्या होत्या. शर्यती पुढे सुरू झाल्या, पण त्या निकालातला विचार टिकून राहिला : भूक-तहान, अस्वस्थता, दुखणं-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, आणि आपल्या जातीप्रमाणे वागण्याची मोकळीक, या पाच गोष्टी प्राण्याच्या हक्काच्या आहेत. प्राण्याला बोलता येत नाही म्हणून न्यायालय त्याच्या पालकाच्या जागी उभं राहील, असंही त्यात म्हटलं होतं.

आत्याला मी उदाहरण दिलं ते काडीमोडाच्या खटल्याचं. मूल आईचं की बापाचं, यावर तिथे फारसा वाद नसतो, दोघांचंही असतं. न्यायाधीश विचारतात, मूल कुणाकडे नीट राहील? माधुरीच्या बाबतीत मालकी बाजूला राहिली आणि प्रश्न ताब्याचा झाला. आत्या म्हणाली, “पण आईकडनं काढून तिसऱ्यालाच दिलं की.” याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

तिसरा कुठून आला, तर एका समितीतून. खाजगी ताब्यातल्या हत्तींच्या तक्रारी पाहण्यासाठी आधी त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एक उच्चाधिकार समिती नेमली. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती दीपक वर्मा. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं कार्यक्षेत्र देशभर केलं. माधुरीबद्दलची पेटाची तक्रार या समितीपुढे गेली. तिला परराज्यात, तेलंगणात मोहरमच्या मिरवणुकीसाठी नेल्याचा मुद्दाही तिथे होता. समितीने तिला वनताराशी संलग्न असलेल्या जामनगरच्या राधे कृष्ण टेम्पल एलिफंट वेल्फेअर ट्रस्टकडे पाठवायचं ठरवलं. मठ मुंबई उच्च न्यायालयात गेला. १६ जुलै २०२५ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठाने समितीचा निर्णय कायम ठेवला. माणसांच्या धार्मिक विधींसाठी हत्तीण वापरण्याचा हक्क एकीकडे आणि तिचं नीट जगणं दुसरीकडे, यांत त्यांनी दुसऱ्याला वजन दिलं. दोन आठवड्यांची मुदत दिली. सर्वोच्च न्यायालयानेही जुलैच्या अखेरीस मठाची याचिका फेटाळली.

कोल्हापूरला हे अगदी नवं होतं असंही नाही. जोतिबाच्या देवस्थानाला भेट म्हणून आलेल्या ‘सुंदर’ हत्तीचं प्रकरण आठवत असेल. तेव्हाही पेटा, तेव्हाही मुंबई उच्च न्यायालय. जून २०१४ मध्ये सुंदर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला. त्याही वेळी बरीच ओढाताण झाली. पण पंचेचाळीस किलोमीटर कुणी चाललं नव्हतं आणि फोनच्या कंपन्या कुणी बदलल्या नव्हत्या. फरक कशाने पडला? माझ्या मते दोन गोष्टींनी. माधुरी तेहेतीस वर्षं एका गावात होती. ज्यांनी लहानपणी तिला केळं भरवलं त्यांची पोरं आता तिला केळं भरवत होती. आणि सुंदर गेला तो सरकारी उद्यानात. माधुरी गेली देशातल्या सर्वांत श्रीमंत घराकडे. ‘कोर्टाने नेलं’ हे लोकांनी कदाचित गिळलं असतं. ‘अंबानींनी नेलं’ हे घशाखाली उतरेना.

वनतारावरची टीका म्हणून दोन थरांची होती आणि हे थर एकमेकांत मिसळले की काहीच कळेनासं होतं. वरचा थर हत्तिणीचा : तिला परत द्या, ती आमची आहे, तिथे तिचं मन रमणार नाही. खालचा थर पैशाचा आणि सत्तेचा : देशभरातून प्राणी एका खाजगी जागी का जमा होताहेत, तिथे काय चालतं ते कोण पाहतं? पहिली तक्रार भावनेची म्हणून हसण्यावारी नेणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ भेटले. मला ती तशी वाटत नाही. पण ज्यांनी ती केली त्यांतल्या फार थोड्यांनी तिच्या पायांचा विषय काढला, हेही नोंदवायला हवं.

आता ते निवेदन. मी ते तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी हाती लागलं.

पहिला भाग बचावाचा. आम्ही न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे वागलो, हत्तीण आम्ही मागितली नव्हती, तिला आणण्याचा पुढाकार आमचा नव्हता. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तक्रार पेटाची, निर्णय समितीचा, शिक्का न्यायालयाचा. वनतारा ही तिला ठेवून घेणारी जागा. पण असं उत्तर सरकारी कचेरीत मिळतं तेव्हा आपल्याला कसं वाटतं? ‘वरून आदेश आहे.’ खरं असतं आणि तरीही डोकं फिरतं. ज्या घरातून माणूस गेलं आहे त्या घराला अशी कागदपत्रं दाखवली तर ते ऐकून घेत नाही. हे वनताराच्या कुणीतरी ओळखलं असावं, कारण निवेदन तिथे थांबलं नाही.

दुसरा भाग प्रस्तावाचा. माधुरी परत आली तर नांदणीच्या परिसरात तिच्यासाठी पुनर्वसन केंद्र उभारायचं. जागा मठाचे स्वामी, राज्य सरकार आणि ती उच्चाधिकार समिती यांच्याशी बोलून ठरवायची. आणि मग सुविधांची यादी : पाण्यातल्या उपचारांसाठी तळं, पोहायला आणखी एक मोठं तळं, लेझर उपचार, रात्रीचा निवारा, साखळदंडाशिवाय फिरायला मोकळी जागा, वाळूचा हौद, रबराची जमीन, टेकायला मऊ वाळूचे ढीग, चोवीस तास पशुवैद्य.

वर्तमानपत्रांत ही यादी पंचतारांकित थाटाची म्हणून आली. आत्याकडे तर “हत्तिणीला स्विमिंग पूल” म्हणून विनोद चालू होते. पण वर पायांबद्दल जे लिहिलं ते लक्षात ठेवून यादी पुन्हा वाचा. तळं कशाला? पाण्यात शरीर तरंगतं, सांध्यांवरचा टनाटनांचा भार कमी होतो आणि संधिवात झालेलं जनावर न कण्हता पाय हलवू शकतं. रबराची जमीन कशाला? काँक्रीटने जे केलं ते थांबवायला. वाळूचे ढीग कशाला? ज्याला पूर्ण आडवं होऊन पुन्हा उठणं जमत नाही, ते उतारावर रेलून झोपतं. साखळी नको, कारण चाललं तरच नखं झिजतात. यात चैनीचं काही नाही, दुखणाईत हत्तिणीचं हे साधं पथ्यपाणी आहे. आणि त्यातच एक अवघड कबुलीही दडलेली आहे : हे सगळं नांदणीत आजवर नव्हतं. वनताराने ते शब्दांत म्हटलं नाही. मठानेही म्हटलं नाही. यादीने म्हटलं.

मला विचाराल तर वनताराची चूक इथे आहे, आणि ती उत्तर देण्यात नसून उत्तराच्या वेळेत आहे. हीच यादी, हाच पायांचा हिशोब हत्तीण नेण्याआधी गावच्या चौकात मराठीतून समजावला असता तर दगड पडलेच नसते असं म्हणणार नाही, पण निदान भांडण तिच्या पायांवर झालं असतं. तिचे व्हिडिओ दाखवले गेले ते ती जामनगरला पोचल्यावर, जेव्हा लोकांना त्यात बंदिवान दिसत होती. दवाखान्यात नातेवाइकाला आधी सही करायला लावायची आणि आजार मग सांगायचा, तसं झालं ते.

तिसरा भाग फक्त दोन शब्दांचा. मिच्छामि दुक्कडम् म्हणजे माझ्या हातून घडलेलं वाईट निष्फळ होवो. पर्युषण पर्वाच्या शेवटी, संवत्सरीच्या दिवशी जैन माणसं एकमेकांना हे म्हणतात. पर्युषण अजून सुरूही व्हायचं होतं. त्यातही एक बारकावा आहे : हे शब्द मुख्यतः श्वेतांबर परंपरेत रुळलेले, आणि नांदणीचा मठ दिगंबरांचा, जिनसेन भट्टारक या मठाधिपतींचा. आमच्या भागातले दिगंबर जैन शेतकरी ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. पण गावाने हा बारकावा काढला नाही. आत्याच्या शेजारच्या पाटीलकाकू म्हणाल्या, “म्हणाले तरी.” वाचण्यासारखं हे की क्षमा मागितली ती समाजाला दुःख पोचलं असेल तर त्याबद्दल. हत्तीण नेण्याबद्दल नव्हे. मोजूनमापून मागितलेली माफी होती, पण तिच्याखेरीज बाकीचं निवेदन कुणी वाचलंच नसतं.

राजकारणाचा भाग मी थोडक्यात उरकतो. ५ ऑगस्टला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत बैठक घेतली आणि सरकार मठाच्या बरोबर न्यायालयात जाईल असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वनताराचं निवेदन आलं. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे, बाकी ज्याचं त्याने समजून घ्यावं.

टीकेच्या खालच्या थराला मात्र या निवेदनात उत्तर नव्हतं. ते उत्तर वनताराकडून येणारही नव्हतं, कारण स्वतःची तपासणी स्वतः करून चालत नाही. २५ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या याचिकांवर एक विशेष तपास पथक नेमलं. प्रमुख निवृत्त न्यायमूर्ती जस्ती चेलमेश्वर. सदस्यांत मुंबईचे माजी पोलीस आयुक्त हेमंत नगराळे. देश-विदेशातून प्राणी, विशेषतः हत्ती, कायदेशीर मार्गाने आणले का, वन्यजीव कायदा पाळला का, पैशाचे व्यवहार कसे आहेत, हे पाहायचं होतं. पथकाने १२ सप्टेंबरला अहवाल दिला, १५ सप्टेंबरला न्यायालयाने तो स्वीकारला : नियमभंग आढळला नाही.

इथे थोडं थांबतो. काम तीन आठवड्यांच्या आत झालं. अहवालाचा सारांश आदेशात आला, पूर्ण अहवाल मोहोरबंद राहिला. कायद्याने वनताराची सुटका झाली आणि ती मान्य करायला हवी. पण ज्या माणसाला ‘आत काय चालतं ते कोण पाहतं’ असा प्रश्न पडला होता, त्याला मिळालेलं उत्तर ‘पाहिलं, ठीक आहे’ एवढंच आहे. कोणत्याही आश्रयस्थानाला, मग ते गल्लीतलं कुत्र्यांचं असो की हजारो एकरांचं, टीकेवर खरा उतारा एकच असतो : किती प्राणी आले, किती जगले, किती मेले, कशाने मेले, हे न मागता छापणं. परळच्या बैलघोड्यांच्या दवाखान्यात मी लहानपणी मांजर घेऊन गेलो होतो, तिथे भिंतीवर खडूने त्या दिवसाचे आकडे लिहिलेले आठवतात. बरेचसे वाईट होते. तरी लोक जनावरं घेऊन येतच होते.

नांदणीत केंद्र व्हायचं तर वाट पुन्हा त्याच उच्चाधिकार समितीच्या दारातून जाते, जिने माधुरीला पाठवलं. समिती विचारणार ते पायांबद्दल, जमिनीबद्दल, दुसऱ्या हत्तिणीच्या सोबतीबद्दल. गाव विचारतंय वेगळंच. परवा आत्याला मी ही सगळी यादी वाचून दाखवली, तळं, वाळू, रबर, डॉक्टर. तिने शांतपणे ऐकलं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “मग पंचकल्याणकाच्या मिरवणुकीला येणार का ती?”

मी यादी पुन्हा वरून खाली पाहिली. मिरवणुकीचा डांबरी रस्ता त्यात कुठे नव्हता.